लाल न झालेली हळद

"अवो, फुटली ना ही कॅप्सूल!" इंदुताईंच्या तळहातावर पिवळी भुकटी सांडली.

"मंग दुसरी दे," ओसरीवरून पुंडलिकराव म्हणाले. "अन् ते फेकू नको. हळद हाय."

फेकतील कशा? पुसदच्या आगारात जन्मभर एसटीची चाकं खोलणाऱ्या या माणसाच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला, तोंडात दोन बोटंही जाईनात. कॅन्सरच्या आधीची पायरी, असं डॉक्टर म्हणाले. हळदीच्या अर्काने पुढची पायरी टळते का, याचा मोठ्या दवाखान्यात अभ्यास चालला होता. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना नुसतीच भुकटी, दिसायला सारखी. कोणाला कोणती, ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही. सगळं नीट समजावून सांगितलं होतं.

"हिचे एवढे उपास हायेत, आपल्याले खरीच भेटन," असं म्हणून पुंडलिकरावांनी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी गटारात टाकली होती. तेव्हापासून त्यांच्या पोटात औषध गेल्याशिवाय इंदुताई पाण्याला शिवत नसत.

भुकटी घेऊन त्या देवापुढे बसल्या. माहेरी, उमरखेडकडे, आई हळदीला चुना लावून कुंकू करायची. तेवढंच देवीच्या कपाळी लागेल. कोनाड्यात पुंडलिकरावांची चुन्याची डबी अजून पडून होती. बोटावर चुना घेतला, पाण्याचा थेंब टाकला, नाव घेत घोटू लागल्या.

पिवळंच.

चुना जुना झाला असेल. त्यांनी मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद आणली, तोच चुना लावला. बोट फिरलं आणि हळद लालभडक झाली.

चुना चांगलाच होता. मग देवीला हळूच म्हणाल्या, "माय, मले सांगायचं तरी नव्हतं."

फाटकाशी शेजारचा संजय आला होता. "काका, किती दिवस साधू बनून राहान? घ्या, ताजा घोटला."

"चाल हट! माह्या पोटात अस्सल हळद हाय. तू सड त्या खर्र्यात!" पुंडलिकराव खुशीत होते. "इंदू, कायले उशीर लावून राह्यली?"

सांगितलं, तर यांचा हात फाटकाकडे जाणार. आणि न सांगितलं तर?

इंदुताईंनी दुसरी कॅप्सूल आणून दिली. नेहमीप्रमाणे ते उजेडाकडे तोंड करून जेमतेम आ करत म्हणाले, "पाह्य बरं. कमी हाय ना?"

चट्टा ओठाच्या कोपऱ्याशी आला होता.

"कमी वाटते," इंदुताई म्हणाल्या. उभ्या जन्मात त्या देवाच्या वेळेला खोटं बोलल्या नव्हत्या.

पुंडलिकरावांनी कॅप्सूल गिळली, छातीवरून हात फिरवला. "झालं. पी बाई आता पाणी. ओठ सुकले तुहे."

इंदुताईंनी तांब्या उचलला. ओठाशी नेला. मग अंगणात गेल्या आणि सगळं पाणी तुळशीला घालून आल्या.