नळाचं कुलूप

आमच्या गोठ्यातल्या नळाला परक्या माणसाने कुलूप घातलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं.

संध्याकाळचा खुराक घालून मी घमेली विसळत होते. तेवढ्यात हा सायकलवरून उतरला. उंच, पाठीत वाकलेला, पांढऱ्या मिशांचा. डेअरीवाल्यांचा राखणदार. आम्हाला ना निरोप, ना फोन. पिशवीतून मुठीएवढं कुलूप काढलं, नळाला साखळी गुंडाळली आणि खट्कन लावून मोकळा झाला. मग हौदाचं बूच काढून होतं नव्हतं तेवढं पाणी वाहून घालवलं. किल्ली सुतळीने गळ्यात अडकवली.

"मालकांचा हुकूम आहे, ताई. सकाळी कालवडींचं वजन होईपर्यंत पाणी बंद. लोक जनावरांना पोटभर पाणी पाजतात आणि पाण्याचा भाव लावतात."

"लोक पाजत असतील. आम्ही त्यातले नाही," मी म्हणाले.

"असं सगळेच म्हणतात," तो हसत म्हणाला. राग आला, पण हसणं गोड होतं म्हाताऱ्याचं. मी त्याचं नाव कुलूपकाका ठेवून टाकलं.

खरं तर 'आम्ही त्यातले नाही' हे मी अगदी छाती काढून म्हटलं होतं. माझा दादा म्हणजे आखलेली रेघ. व्यवहारात कधी लबाडी नाही की मापात कसर नाही. आणि आई म्हणजे आमच्या घरचं कोर्ट. लहानपणी खोटं बोललं की त्या दिवशी ती आमच्याशी बोलायचीच नाही, आणि मार परवडला पण ते नको, असं आम्हा दोघांना व्हायचं. वडील गेल्यावर तिने आम्हाला त्याच धाकात वाढवलं.

दादाने कारखान्यातली नोकरी सोडून माझ्याबरोबर हा गोठा घातला. चौदा कालवडी वासरांपासून वाढवल्या. खुराकासाठी धान्याचा भरडा भिजवायचं काम आईचं, चारा कापायचं दादाचं आणि ते सगळं उचलून गव्हाणीत ओतायचं माझं. वहिनी घर सांभाळायची. डेअरीवाले सगळ्या कालवडी वजनावर एकरकमी घेणार होते आणि माल पसंत पडला तर दरवर्षी आमच्याकडूनच उचलणार होते. नाही पडला, तर गोठा बंद आणि दादा पुन्हा रात्रपाळीला. एवढं सगळं त्या एका वजनावर अडकलं होतं.

दादाने नळाचं कुलूप पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"काका, एक-एक बादली तरी पाजू द्या. उन्हाळा आहे."

"हुकूम नाही, साहेब."

मग आई बाहेर आली. "अहो, मुकी जनावरं आहेत. घोटभर पाण्याने काय वजन वाढणार आहे?"

"बाई, माझी नोकरी जाईल."

दोघंही आत गेली. मला वाटलं, बघा माझ्या घरातली माणसं. सौदा तोंडावर आलाय आणि जीव तुटतोय तो जनावरांसाठी.

रात्रीची भाजी ठार अळणी होती. मी पहिल्याच घासाला ओरडले. वहिनी म्हणाली, "वन्सं, मी तरी काय करू? बरणीत मिठाचा खडा नाही. परवाच तर काठोकाठ भरली होती. या घरात मीठ कोण खातंय देव जाणे!"

कुलूपकाकांना आम्ही पंक्तीला बसवलं होतं. ते म्हणाले, "असू दे हो, सूनबाई. माझ्या वयाला अळणीच बरं."

मीठ जरा कमी पडलं तर ताट सरकवणारी आमची आई मुकाट्याने जेवली. दादानेही मान वर केली नाही.

कालवडी रात्रभर हंबरत होत्या. सकाळी पाहते तर भिंती चाटतायत, लोखंडी गज चाटतायत. आमची टिकली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, ती तर कुलूपकाकांचा तळहात सोडेना. वजनकाट्याची गाडी उजाडताच यायची होती. तिचा रस्त्यात टायर फुटला, मग दुसरं काहीतरी मोडलं. ऊन चढलं. पत्रे तापले. दादा गोठ्यात आणि गोठ्याबाहेर नुसता येरझारा घालत होता.

दुपारी कुलूपकाकाच उठले. "नोकरीवरून काढू दे मालकांना," म्हणाले, "मला नाही बघवत." त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि हौद काठोकाठ भरला. कालवडी एकमेकींना ढकलून, माना बुडवून पाणी प्यायल्या. टिकलीला तर ते ओंजळीने पाजत होते. दादाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि मोठा श्वास सोडला.

थोड्या वेळाने टिकली गोल गोल फिरायला लागली. मी हाक मारली तर भलतीकडेच बघत होती. मग तिने भिंतीला डोकं लावलं आणि भिंत ढकलायला लागली, जशी काही पलीकडे जायला वाट आहे. नंतर कोसळली आणि पाय झाडू लागली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी.

"विष!" दादा ओरडला. "पाण्यात विष घातलं यानं!"

मलाही तेच वाटलं, का खोटं बोलू? किल्ली त्याच्याकडे, नळ त्याने उघडला आणि पाणी प्यायल्यावरच पडल्या. कुलूपकाका टिकलीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दादाने त्यांना गळपट्टी धरून उठवलं आणि मुस्काटात मारली. त्यांनी गालावर हात ठेवला. दादाने त्यांना चाऱ्याच्या खोलीत ढकललं, त्यांचंच कुलूप त्या दाराला लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पोलिसांना फोन केला.

वहिनीने बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई आणि काट्याची गाडी मागोमाग पोचल्या. गाडीतून डेअरीवाले मालक उतरले. दादा त्यांच्या अंगावर धावून गेला. "सौदा मोडायचा म्हणून माणूस पाठवून माझी जनावरं मारलीत!"

डेअरीवाल्यांनी सरळ कानावर हात ठेवले. "मी त्याला पहारा द्यायला पाठवला होता. त्यानं काय केलं ते त्याचं तो निस्तरेल. न्या पोलिसांत, मी मध्ये पडणार नाही." जन्मभर चाकरी केलेल्या माणसाला त्यांनी असं एका वाक्यात झटकून टाकलं.

डॉक्टरीणबाई एकीला सुई टोचत होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, "पाणी कधीपासून बंद होतं? आणि कुणी मीठ घातलं होतं का खुराकात?"

"नाही," दादा म्हणाला.

"नाही हो," दारातून आई म्हणाली. दोघांचं उत्तर एकदमच आलं.

"नीट आठवा. खूप मीठ पोटात गेलं, पाणी मिळालं नाही आणि मग एकदम भरपूर मिळालं, तर मेंदूला सूज येते. असंच आंधळ्यासारखं होतं. तसं असेल तर ज्या उभ्या आहेत त्यांना पाणी घोट-घोटच द्यायचं, औषधही वेगळं. विष असेल तर सगळंच वेगळं. मी अंदाजावर किती वेळ सुया टोचू?"

काल रात्रीचं ताट डोळ्यांपुढे आलं. भाजी अळणी, आणि ओरडले फक्त मी.

मी गव्हाणीच्या कोपऱ्यातला चिकटलेला भरडा नखाने खरवडून जिभेला लावला. खारट. नुसता खारट नाही, जीभ आखडली. दादा चारा कापायच्या यंत्रापाशी उभा होता. यंत्रामागे जनावरांच्या मिठाची पिशवी असते, महिनाभर पुरणारी. ती घडी घालून फळीखाली सारलेली होती. रिकामी.

"दादा, हे काय?"

त्याने मनगट धरून मला जवळ ओढलं. "हळू बोल. चाऱ्यात सगळेच घालतात. सकाळी तहान लागून जास्त पितील, एवढंच. मला काय माहीत हा कुलूप घेऊन येणार?"

"मग काल सांगायचं होतंस! आत्ता तरी सांग. त्या आडव्या पडतायत आणि म्हातारा आत कोंडलाय."

"सांगतो. पण आईसमोर नको. तिला वाटतं तिचा मुलगा... तू जरा थांब, मी बघतो कसं करायचं ते."

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याला पाठ लावून उभी होती. पुढ्यात रिकामी बरणी. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "भरड्यात कालवलं मी. माझ्या माहेरी घालायचे. तुझ्या दादाला असलं जमायचं नाही, तो बापाच्या वळणावर गेलाय. म्हटलं, त्याच्या वाटचं आपण करू. त्याला कळू देऊ नकोस गं."

मला हसूही आलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. एकाच छपराखाली दोघं एकमेकांच्या सचोटीला जपत होती आणि त्या जपण्यात कालवडींच्या पोटात दुहेरी मीठ गेलं. आणि हे सगळं घमेली भरभरून त्यांच्या पुढ्यात मीच ओतलं.

"आई, त्या माणसाला पोलीस घेऊन जातील."

"माहितेय." ती तिथेच उभी राहिली.

मी चाऱ्याच्या खोलीपाशी गेले. आतून दार वाजलं. "कोण, ताई का? टिकली उठली का हो?"

मी कुलूप ओढून पाहिलं. रस्त्याच्या वळणावर पोलिसांची गाडी दिसली. दादाला मी तिथूनच हाक मारली, "किल्ली आण. नाहीतर मी सांगते." दादा जागचा हलला नाही. डेअरीवाले आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागले.

आणि आई बरणी घेऊन अंगणात आली. सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली.

"मीठ मी घातलं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "वजन वाढावं म्हणून. त्या माणसाचा काही दोष नाही. त्याला दया आली म्हणून त्यानं पाणी दिलं. सोडा त्याला."

डॉक्टरीणबाई तडक उठल्या. "हौद रिकामा करा आधी! घोट-घोट पाणी, मी सांगते तसं." मग त्यांचं बरणीकडे लक्ष गेलं. "पण आजी, एवढ्याशा बरणीनं चौदा जनावरांचं असं होत नाही. याच्या कितीतरी पट गेलंय."

आईने बरणीकडे पाहिलं. मग दादाकडे. दादाची नजर जमिनीला लागलेली. आईला कळलं. तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आणि ते मला आयुष्यभर पुरेल.

"खूप बरण्या होत्या," आई म्हणाली. "मी सगळ्या ओतल्या."

जिने आम्हाला एका खोट्यासाठी दिवस-दिवस अबोल्यात ठेवलं, ती भर अंगणात हे बोलली.

मी दादाच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि दार उघडलं. कुलूपकाका बाहेर आले. केसांत चाऱ्याच्या काड्या, गालावर चार बोटं उठलेली. पोलिसांची गाडी दारात थांबत होती. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. आधी टिकलीकडे गेले. ती आता पाय झाडत नव्हती. त्यांनी तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावर हात ठेवला आणि तसेच उकिडवे बसले.

"थोडं पाणी मिळेल का?" ते म्हणाले. एवढ्या उन्हात पत्र्याखाली कोंडून ठेवलेल्या माणसाला आमच्यापैकी कुणी पाणी दिलं नव्हतं.

मी आत वळणार तोच दादा गेला. तांब्या घेऊन आला, त्यांच्यासमोर खाली बसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. कुलूपकाकांनी तांब्या घेतला नाही. ते दादाकडे बघत राहिले.

"आमच्या घरात मिठाची बरणी एकच आहे, काका," दादा म्हणाला. मग तांब्या खाली ठेवून तो उठला, पोलिसांकडे वळला आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाकीचं मीठ मी घातलं. फोन मीच केला होता. आता मलाच घेऊन चला."

कुलूपकाकांनी खाली ठेवलेला तांब्या उचलला आणि उठून उभ्याने सगळा पिऊन टाकला.