आबांचा राग

सासूबाई खळ्यात सुकत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकायला बसल्यात आणि सत्या झोपलाय, तेवढ्यात लिहिते.

सत्या पाच महिन्यांचा. बारशाला नाव ठेवलं सत्यवान, पण सासूबाई त्याला आबाच म्हणतात, तेही अहो-जाहो करून. "उठले काय? रागावले काय?" आबा म्हणजे माझे सासरे, गलबतावरचे तांडेल. मी लग्न होऊन मिठबावला आले आणि वर्षभरात ते गेले. त्या वर्षात मी या घरची एक रीत शिकले. आबांचा आवाज चढला की हातातलं टाकून सगळ्यांनी मागीलदारी विहिरीपाशी जायचं. राग निवेपर्यंत समोर यायचं नाही.

सत्या जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी, रागावलेल्या आबांसारखी उजवी भुवई चढवून रडला. सासूबाईंनी सुईणीकडे, हौसाबाईकडे, पाहिलं. तिने मान हलवली. तेवढ्यावर ठरलं. तेव्हापासून तो रडू लागला की सासूबाई माझा पदर धरतात. "समोर जाव नको गो. तेंचो राग तेंका काढूंदे." आम्ही दोघी विहिरीपाशी उभ्या. आत तो रडून रडून लालबुंद होतो, मग दमून गप होतो. सासूबाई म्हणतात, "निवले."

खरं सांगायचं तर मलाही संशय येऊ लागला होता. पाजताना मी त्याच्या तोंडाकडे नाही, भुवईकडे बघायचे. त्याने मूठ आवळली की माझे खांदे आखडत. पायाची करंगळी एवढीशी, तिचं नख तांदळाच्या कणीएवढं, आणि मी त्याला भ्यायचे. यांना मुंबईला पत्रात लिहिलं, 'तुमचे वडील परत आलेत.' यांचं उत्तर आलं, 'जपून राहा.' गोदीत काम करणारा धट्टाकट्टा माणूस, पाळण्यातल्या मुलापासून जपून राहा म्हणतो.

आबाच परत आलेत का, याचा सासूबाईंनी येत्या मंगळवारी देवळात कौल लावायचं ठरवलं. देवाच्या पाषाणाला फुलांचे ओले कळे लावतात, उजवा आधी पडला तर होय. एकदा का देवाने होय म्हटलं, की सत्याला जन्मात कुणी अडवणार नाही. सगळं घर विहिरीपाशी उभं राहील. उद्या त्याची बायकोसुद्धा.

परवा फोंड्याहून माझी रुक्मिणीमावशी आली. तिने पायांवर पाणी घेतलं आणि आत सत्याने सूर लावला. सासूबाईंनी माझा पदर धरला, आम्ही वळलो. मावशी सरळ आत.

"अगो, पळतात खंय दोघी? झील चिंब भिजलो आसा. राग कसलो, थंडी वाजता तेका."

तिने दुपटं बदललं, खांद्यावर घेतलं. तो हुंदके देत तिच्या डोरल्याशी खेळू लागला. मला हसू आलं. सासूबाईंना नाही.

"पावण्यांसमोर ते असेच," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "गोड बोलत, हसत. पावणे गेले की मगे बघ."

आणि ते खरंच होतं. आबा पाहुण्यांत साखर असत. माझा संशय पुन्हा जागेवर येऊन बसला.

निघताना मावशी बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकात, थांबली. "पोराकडे तू कशी बघतस, ठावक आसा? गोव्याच्या हद्दीर इन्सुलीच्या नाक्यार शिपाय चोरटी दारू सोधूक गाठोडी बघतत, तशी. मग तोय तुझ्याकडे तसोच बघतलो."

आज सकाळी तो रडला. सासूबाईंनी पदर धरला. मी तो सोडवला आणि आत गेले. भुवई चढलेली होतीच. मी वाकले, तर पाठीमागे चाहूल. सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. रडताना सत्याचा हात वर गेला, मूठ वळलेली. त्यासरशी सासूबाईंनी कोपर उचलून तोंडावर घेतलं.

पाळणा त्यांच्यापासून चांगला पाच-सहा हातांवर होता.

मी बघितलं, हे त्यांनीही बघितलं. त्यांनी हात हळूच खाली घेतला, पदर सारखा केला. "सवय, गो," एवढंच म्हणाल्या.

"आई, इकडे या. हात द्या तुमचो."

त्या आल्या. मी त्यांचं बोट त्याच्या मुठीला लावलं. त्याने ते धरलं, तोंडाकडे ओढलं आणि चोखू लागला. त्या किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"भूक लागली आसा," त्या म्हणाल्या. "घे तेका."

मी पदराखाली घेतला. मग विचारलं, "मंगळवारी किती वाजता जावचा देवळात?"

"मंगळवारी कावळे कोण हाकतलो? बांगडे अजून ओलेच आसत." त्या काठी घेऊन बाहेर गेल्या.

भुवई आबांचीच आहे, ती काही मी बदलू शकत नाही. पाजताना अजून माझी नजर तिकडे जाते. गेली की मी तिच्यावरून बोट फिरवते. तो डोळे मिटून घेतो.

आता जरासा कुरकुरला. काठी वाजायची थांबली. सासूबाई उंबऱ्याशी आल्यात, एक पाय आत, एक बाहेर.

"उठले काय गो?"

"सत्या उठलो. या."