दुहेरी क्लच

तुम्ही एका जित्याजागत्या बाईला यंत्र ठरवलंत, आणि ठरवण्याआधी तिला एका शब्दानं विचारलं नाहीत. गेम तुमचा, स्पर्धा तुमची, नियमही तुमचेच. म्हणून काय वाट्टेल ते बरळाल?

वसीला अल्जीरियातल्या वार्गलाची. तिच्या बाबांनी, लखदरनी, सहारात उभी हयात एक जुना ट्रक हाकला. त्या ट्रकचा गिअर एका क्लचला बधत नसे. क्लच दाबा, दांडा मधे आणा, क्लच सोडा, पुन्हा दाबा, मगच पुढचा गिअर. वसीला त्याच ट्रकवर शिकली. पुढे मबारकच्या गेमच्या दुकानात स्टिअरिंग, पेडल आणि गिअरचा दांडा लावलेल्या खुर्चीत बसली, तरी तिचा डावा पाय दोनदाच पडायचा.

"अगं ए ट्रकवाले, शर्यतीची गाडी आहे ही!" मबारक चिडवायचा. "खजूर नाही भरायचेत मागे."

"तू माझा पाय बघत बस. मी जाते पुढे," ती म्हणायची. आणि जायची. क्लचवर गेलेला वेळ ती वळणावर वसूल करायची.

अशीच ती तुमच्या ऑनलाइन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. जिंकणाऱ्याला खरी शर्यतीची गाडी चालवायला मिळणार होती. ट्रक विकल्यापासून तिच्या हाताला खरं स्टिअरिंग लागलं नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं.

शुक्रवारी कुसकुस जेवून बापलेक दुकानात आली. शर्यत सुरू होणार, तोच पडद्यावर लाल पट्टी झळकली: दर गिअरला क्लच दोनदा. माणूस असं करत नाही. यंत्राची मदत घेतल्याचा संशय. प्रवेश बंद.

स्पीकरमधून पंच बोलला. आवाज कसा मधाळ. "बाई, तोडगा आहे. गिअर आपोआप बदलतात तो पर्याय निवडा. लगेच आत घेतो."

"पायावर कॅमेरा लावते ना. बघा तरी!"

"तशी सोय नाही नियमात."

लखदरचं तोंड उतरलं. "पोरी, ही खोड मीच लावली तुला. एकदाच दाबून बघ ना."

तिनं सरावाच्या रस्त्यावर गाडी काढली. दुसऱ्याच वळणावर पाय अडखळला, गिअर चुकला, गाडी गिरकी घेऊन कठड्यावर आदळली. मबारकसुद्धा हसला नाही.

"मग आपोआपच घे," लखदर हळूच म्हणाला. "खरी गाडी मिळेल गं."

वसीलाचं बोट बटणापर्यंत गेलं. बाकीच्या गाड्या रेषेवर गुरगुरत होत्या. बोट तिथंच थांबलं, मग मागे आलं. तिनं माइक ओढून तोंडाशी धरला.

"लोक खोळंबलेत, बाई," पंच म्हणाला. "हो का नाही, सांगून टाका."

"आधी तुम्ही सांगा. मी माझ्या पायानं गिअर टाकला तर मी यंत्र, आणि यंत्राला टाकू दिला की मी माणूस? कुणाच्या डोक्यातून निघालं हे? त्याला आणा माइकवर. मी इथून हलत नाही. बोला!"