पहिली चोवीस पानं

निकितानं पुस्तक उघडलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि पहिली पंधरा-सोळा पानं चिमटीत धरून एकदम पलटली.

"अगं अगं, हळू!" काउंटरपलीकडून वजीरचाचा ओरडले. "काय शोधतीस?"

"गोष्ट कुठनं सुरू होती ते."

"प्रस्तावना वाचत जा बेटा. कुणाच्या घरात जायचं तर दारातनं जावं. तू कायम खिडकीतनं उडी मारतीस."

"चाचा, आपल्याकडं लग्नात काय होतंय? मुहूर्त साडेबाराचा, आन् दोन वाजेपर्यंत माईकवर ह्याचा सत्कार, त्याचं स्वागत. नवरानवरी घामानं भिजून उभे. प्रस्तावना तसलीच. मी सरळ पंगतीत बसते."

बाकावर पेपर चाळणारा शिवराज फसकन हसला. चाचाही हसलेच असते. पण तेवढ्यात अक्षदा आत आली आणि चाचांचं तोंड असं खुललं, की निकिताच्या हातातलं पुस्तक आपोआप मिटलं.

भूमच्या बाजारतळामागं दोन खोल्यांचं ते वाचनालय. नववीपर्यंत निकिता आणि अक्षदा एका बाकावर बसायच्या. एक दिवस सरांनी निकिताची वही खिडकीबाहेर फेकली. ती वही आणायला गेली, ती परत वर्गात आलीच नाही. आता घरच्या अकरा शेळ्या आणि खांद्याच्या पिशवीत एक पुस्तक, एवढाच तिचा दिवस. अक्षदा बारावी सायन्सला. शाळेतल्या वैजनाथ सरांची मुलगी. इस्त्रीचा ड्रेस, मनगटावर घड्याळ, आणि बोलायला लागली की छापल्यासारखी वाक्यं.

"चाचा, ही जमा करून घ्या," अक्षदानं निळ्या पुठ्ठ्याची जाड कादंबरी ठेवली.

"झाली वाचून? ह्या पुस्तकाला हात लावणारी तू पहिली हां, बेटा. कुणाच्या तरी माळ्यावरच्या पेटीतनं आलं, कोरं करकरीत. कशी आहे?"

"दुष्काळ हा या कादंबरीचा खलनायक नाही, चाचा. तो साक्षीदार आहे."

चाचांनी डोळे मिटून मान हलवली. "वाह! ऐकलंस निकिता? ह्याला म्हणतात वाचणं."

निकितानं ऐकलं होतं. कान तापेपर्यंत ऐकलं होतं. येत्या रविवारी वाचनालयातले सगळे हात वर करून एक नाव ठरवणार होते. धाराशिवला जिल्ह्याच्या वाचक मेळाव्यात भूमचं एकच माणूस स्टेजवर उभं राहून एका पुस्तकावर दहा मिनिटं बोलणार होतं. निकितानं वर्षात सत्तर पुस्तकं वाचली होती. घरी, गल्लीत, सोयरिकीत ती 'शाळा सोडलेली' होती. एकदा, नुसतं एकदा, माईकवरनं आपलं नाव घेतलं जावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

"मला द्या ती," ती म्हणाली. "बघते कसला साक्षीदार हाय ते."

दुसऱ्या दिवशी माळावर शेळ्या पांगल्या. निकिता बोरीच्या सावलीत बसली. सवयीनं तिनं प्रस्तावना ओलांडली, पंचविसावं पान वाचलं आणि पान उलटायला गेली. पान उलटेना.

तिनं पुस्तक डोळ्याजवळ धरलं. पुढची पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. छापखान्यात घडी कापायचीच राहिलेली. पाकिटासारखी बंद. तिनं शेवटापर्यंत अंगठा फिरवला. सगळी बंद. मग मागं आली. प्रस्तावनेची चोवीस पानं तेवढी सुटी होती. पट्टी लावून नीट, सरळ कापलेली.

निकितानं ती सरळ कड पुन्हा एकदा बोटानं चाचपली. मग एवढ्या मोठ्यानं हसली, की जवळची पाठ, कळपातली कोवळी शेळी, दचकून लांब पळाली.

प्रस्तावना तिनं जन्मात पहिल्यांदा वाचली. तिथं सातव्या पानावर ते वाक्य होतं. खलनायक नाही, साक्षीदार आहे. जसंच्या तसं.

"घावलीस," ती म्हणाली. "रविवारी सगळ्यांसमोर पुस्तक उघडते आन् म्हणते, घ्या, ही बघा तुमची वाचणारी!"

रविवार तीन दिवसांवर होता. पुस्तक पिशवीत घालून ती गप बसली असती तर काहीच बिघडलं नसतं. पण पंचविसाव्या पानावर एक मेंढकी बाई कोरड्या विहिरीच्या काठावर उभी होती. तिच्या कळपातली घंटीवाली शेळी, जिच्यामागं बाकीचा कळप चालायचा, तीच गायब होती. पान तिथंच संपलं होतं.

निकितानं पाकिटात डोळा घातला. दोनचार ओळी दिसल्या. बाई विहिरीत वाकून बघती, आणि पुढचं घडीत. तिनं पुस्तक उलटं धरलं, फुंकर मारली, आत बोट घातलं. जमेना.

"एकच कापते," ती स्वतःला म्हणाली. "बाकीची तर बंद हायेतच की."

शेळ्यांना पाला तोडायचा विळा तिनं कमरेचा काढला. पातं घडीत घातलं आणि ओढलं. कड फाटल्यासारखी खडबडीत निघाली. ती वाचत गेली. मग अजून एक. ती बाई पोटुशी होती, आणि हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मग अजून एक. एक शेळी रस्त्यात व्याली आणि बाईनं नाळ दातानं तोडली. निकितानं मान हलवली. विळा जवळ नसला की तसंच करतात. हे लिहिणाऱ्याला माहीत होतं.

सूर्य कलला. शेळ्या आपल्या आपण गोळा होऊन बोरीखाली आल्या आणि तिच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. निकितानं शेवटचं पान वाचलं, पालथ्या हातानं डोळे पुसले, आणि मग तिला कळलं आपण काय केलं ते.

पुस्तक अथपासून इतिपर्यंत उघडं होतं. एक पान बंद नव्हतं.

रविवारी वाचनालयात बारा-तेरा माणसं होती. चाचांनी अक्षदाचं नाव घेतलं. निकिताला दम निघाला नाही.

"हिनं वाचलंच न्हाय ते पुस्तक! नुसती प्रस्तावना पाठ केली हिनं!"

अक्षदाचा चेहरा पांढरा पडला. चाचा शांतपणे म्हणाले, "कशावरून?"

"पानं बंद होती पुढची! जोडलेली!"

शिवराजनं पुस्तक घेऊन फर्रकन पानं सोडली. "कुठं बंद हायेत? सगळी तर उघडी."

"म्या कापली, विळ्यानं!"

"का?"

"वाचायला!"

अख्खी खोली हसली. "वा गं वा!" शिवराज म्हणाला, "आरोप तिच्यावर, आन् पुस्तकाला विळा लावणार तू! चोरानं पंचनामा करावा तसं झालं."

हात वर झाले. अक्षदाचं नाव ठरलं. चाचांचा हात तेवढा वर गेला नाही. त्यांनी पुस्तक हातात घेतलं होतं आणि कडेवरून अंगठा फिरवत होते. सुरुवातीला सरळ, मग खडबडीत. अंगठा एका जागी थांबला. पण तोवर निकिता उंबऱ्याबाहेर पडली होती.

एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून ती बसली.  हरल्याचं तेवढं सलत नव्हतं. तिथं कुणी उठून एकदाही विचारलं नाही, की बरं निकिता, मग त्या गोष्टीत हाय तरी काय?

शेजारी चप्पल वाजली. अक्षदा उभी होती.

"काय आलीस? पेढा द्यायला?"

"न्हाय." अक्षदानं इकडं तिकडं बघितलं आणि ड्रेसची पर्वा न करता खाली बसली. किती तरी दिवसांनी तिच्या तोंडून शाळेतली बोली निघाली. "निके, एक विचारू? प्रस्तावनेत लिव्हलंय, शेवटच्या पानावर घंटी वाजती. पण कुणाच्या गळ्यातली, ते न्हाय लिव्हलं. ती शेळी घावती का?"

निकितानं डोळे बारीक केले. "मेळाव्यात कुणी विचारलं तर पंचाईत, म्हणून व्हय?"

"त्यापायी न्हाय. मला झोप लागंना. पंधरा दिवस झाले."

"मग वाचायचं होतंस की. पंधरा दिवस तुझ्याकडंच तर होतं."

अक्षदा मनगटावरचं घड्याळ गोल गोल फिरवत राहिली. "पप्पा अभ्यासाबाहेरच्या पुस्तकाला रोज वीस मिनटं देतात. समोर बसून. रोज वाटायचं, आज पुढचं कापावं. पण चाचांना काहीतरी चांगलं सांगायचं असायचं ना, मग परत प्रस्तावनाच घोकायचे. सगळ्याच पुस्तकांचं तसं." ती थांबली. "तू दिवसभर माळावर बसून वाचतीस. मला रस्त्यानं जाताना दिसतीस. लई राग येतो तुझा."

निकितानं तिच्याकडं नीट बघितलं. तोंडात आलेली शिवी तिनं गिळली. राग गेला नव्हता. स्टेजवर हीच जाणार होती. पण ह्या घडीला एक गोष्ट निकितापाशी होती आणि हिच्यापाशी नव्हती.

"सांग ना. कुणाच्या गळ्यातली?"

"तसं न्हाय सांगता येत," निकिता म्हणाली. "एकदम शेवट सांगितला तर तुला काय कळणार? आधी ती बाई कोण, त्या विहिरीवर कशी आली, ते ऐकाय लागंल."

"किती वेळ लागंल?"

"वीस मिनटात न्हाय व्हायचं."

फाटकातून परांड्याची गाडी आत आली, थांबली, माणसं घेऊन निघून गेली. अक्षदानं घड्याळ काढलं, पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली.

निकितानं पाय पसरले, पाठ भिंतीला नीट टेकवली.

"तर मग ऐक," ती म्हणाली. "त्या बाईच्या आधी तिची आई होती."