एकोणपन्नास सेंटिमीटर

दोघा भावांत विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. वरच्या मजल्यावर थोरला, खालच्यावर धाकटा, आणि दोघांत मिळून एकच अंगण. त्या अंगणात कोणी किती वेळ उभं राहायचं यावरूनही सहा वर्षं कचाकचा भांडणं चाललेली. थोरला लोकांची कुत्री शिकवायचा. त्याचा स्वतःचा गब्ब्या म्हणजे रुंद छाती, आखूड पाय आणि बादलीएवढं डोकं. धाकट्याला कुत्र्यांतलं ढेकळही कळत नव्हतं, पण ते डोकं पाहून त्याने ठरवून टाकलं की हाच पिटबुल. शहरात पिटबुलला बंदी होती. त्याने गुपचूप नगरपालिकेला तक्रार धाडली आणि खाली दोनदा लिहिलं, ‘माझं नाव कळू देऊ नये.’

शनिवारी सकाळी तपासनीस बाई आल्या. हातात मोजपट्टी, काखेत जातींच्या मापांचा तक्ता, फाटकाबाहेर पिंजऱ्याची गाडी. धाकटा पडद्याआडून बघत होता. "आज जिरली याची," असं तो बायकोला म्हणालासुद्धा.

बाईंनी गब्ब्याची उंची खांद्यापाशी मोजली, छाती मोजली, त्याला काट्यावर उभं केलं. मग तक्ता मिटला.

"हा अमेरिकन बुली. पिटबुलपासूनच निघालेला, पण जात वेगळी. पिटबुल असा पिंपासारखा नसतो. तो सडपातळ, उंच पायांचा, चपळ. याला परवानगी आहे."

शहाणा माणूस असता तर घरात बसला असता. धाकटा तरातरा बाहेर आला.

"अहो बाई, नीट बघा की! एवढा जबडा, एवढं डोकं, आणि हा पिटबुल नाही?"

"नुसत्या डोक्यावरून जात ठरत नाही. तुमच्याकडे आहे का कुत्रं? आवारात आले की सगळी मोजावी लागतात मला."

"आहे ना. मुलीची चिंगी. पण ती स्टॅफर्डशायर, बंदी नसलेल्या जातीची. विकणाऱ्यानेच सांगितलंय तसं," धाकटा ऐटीत म्हणाला आणि त्याने मुलीला हाक मारली.

मुलगी चौदा वर्षांची. तीन वर्षं चिंगी तिच्याच पायथ्याशी झोपत होती. बाईंनी चिंगीच्या खांद्याला पट्टी लावली आणि पुन्हा एकदा लावून पाहिली.

"स्टॅफर्डशायर बुटका असतो, एक्केचाळीसच्या आसपास थांबतो. ही एकोणपन्नास सेंटिमीटर आहे. वजन बावीस किलो, पाय लांब, शेपूट निमुळती. ही पिटबुल आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगी खाली बसली आणि तिने चिंगीच्या गळ्याला मिठी मारली.

"नेणार हिला?" तिने बाईंना विचारलं.

"एक वाट आहे," बाई म्हणाल्या. "नसबंदी, बाहेर नेताना तोंडाला जाळी आणि अंगणात बंदिस्त जागा. पण अंगण सामाईक आहे, त्यामुळे दुसऱ्या मालकाची सही लागेल. आत्ताच, नाहीतर मला हिला घेऊन जावं लागेल."

दुसरा मालक जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. धाकट्याला त्याच्याकडे बघणं जिवावर आलं होतं.

"दादा," तो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"पिल्लू म्हणून घरात आली त्या दिवसापासून. पोटासाठी कुत्रीच तर शिकवतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"कशाला बोलू? पोरीचं कुत्रं आहे ते."

धाकट्याला खरं तर लाज वाटायला हवी होती. त्याला आला तो संताप. तीन वर्षं या माणसाने आपल्यावर उपकार केले आणि आपल्याला पत्ताही लागू दिला नाही, या विचाराने त्याचं अंग पेटलं.

"सही देतो," थोरला सावकाश खाली येत म्हणाला. "पण आधी या पोरीला सांग, ही गाडी कोणी बोलावली."

"पोरीसमोर नको, दादा."

"पोरीलाच सांगायचंय."

"बाबा, कोणी बोलावली?" मुलीने विचारलं.

धाकट्याने बाईंकडे पाहिलं. त्या तक्त्यात डोकं घालून उभ्या होत्या. बाहेर ड्रायव्हरने पिंजऱ्याचं दार उघडलं.

"मी," तो म्हणाला. "पण चिंगीसाठी नाही गं. त्या गब्ब्यासाठी."

"म्हणजे गब्ब्याला नेलं असतं तर चाललं असतं?"

थोरल्याने बाईंकडून परवानगीचा अर्ज घेतला, गब्ब्याच्या पाठीवर ठेवून सही केली आणि कागद बाईंना दिला.

"कुत्र्याच्या मालकाचा रकाना राहिला," बाई म्हणाल्या. "मुलगी लहान आहे, मोठ्या माणसाचं नाव लागेल."

धाकट्याने पेनसाठी हात पुढे केला.

"तिथेही तुमचंच नाव लिहा, काका," मुलगी म्हणाली. मग बापाकडे न बघता ती चिंगीला घेऊन वरच्या मजल्याचा जिना चढू लागली.