पाठीचा फोटो

यज्ञेश्वर जोगळेकरांनी बहात्तर वर्षांत स्वतःची पाठ कधी पाहिली नव्हती. पाहायचं कारणही नव्हतं; ते खातं बायकोकडे, कुसुमताईंकडे होतं. दर रविवारी पाठीला तेल चोळताना त्या डाव्या खांद्याखालच्या तिळावर अंगठा टेकवायच्या आणि वर्गात हजेरी घेतल्यासारखं "आहे जागेवर" म्हणायच्या. कुसुमताईंना जाऊन सव्वा वर्ष झालं. गेल्या आठवड्यात बनियनवर, नेमका त्याच जागी, रक्ताचा ठिपका दिसला.

मुलानं, शौनकनं, टोरांटोहून त्वचेच्या डॉक्टरांची व्हिडिओवरची वेळ घेऊन दिली. सोय झकास होती, हे जोगळेकरांनाही कबूल करावं लागलं. वाघोलीहून स्वारगेटला जायचं म्हणजे अर्धा दिवस ट्रॅफिकला वाहायचा, वर दवाखान्यात दोन तास ताटकळायचं. इथे घरच्या खुर्चीत डॉक्टर हजर. फक्त आधी पाठीचा फोटो पाठवायचा होता. 'घरातल्या कोणालाही काढायला सांगा,' असा मेसेज आला होता. घरातल्या कोणालाही! लिहिणाऱ्याचं घर भरलेलं असणार.

त्यांनी फोन कपाटाला टेकवून पाहिला, आरशासमोर मान मुरगळून पाहिली. फोटोत आले ते कान, पंखा आणि अर्धं कॅलेंडर. शेवटी शर्ट खांद्यावर टाकून समोरच्या मच्छिंद्र गव्हाणेंची बेल वाजवली. तीन वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच.

"आवं काका, ह्यात लाजायचं काय? वळा हिकडं," म्हणत गव्हाण्यांनी दोन मिनिटांत स्वच्छ फोटो काढून दिला.

ठरल्या वेळी डॉक्टर नीरजा पडद्यावर आल्या. फोटो त्यांनी मोठा करून पाहिला.

"काका, हा तीळ आधीपासून एवढाच होता, की वाढलाय?"

"कल्पना नाही."

"घरात कोणाला माहीत असेल?"

"माहीत होतं."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "वाढला असेल तर काढून तपासावा लागेल. कॅन्सर नाही ना, एवढी खात्री करायला. पाठ दिसेल असा जुना फोटो असला तर पाठवा. तुलना करता येईल."

फोन बंद झाला. जोगळेकर घाबरले होते, आणि घाबरलोय हे सांगायला घरात माणूस नव्हतं.

उघड्या पाठीचा फोटो कोण काढून ठेवतं? मग त्यांना शौनकची मुंज आठवली. अल्बम माळ्यावरून काढला, पानं उलटली, आणि सापडला. होमापुढे सोवळं नेसून बसलेले ते, फोटो मागून घेतलेला. उपरणं घसरलेलं, आणि शेजारच्या कुसुमताई ते सावरताहेत. त्यांचा तळवा बरोबर डाव्या खांद्याखाली टेकलेला.

जोगळेकरांनी तोच पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं, 'हात आड आलाय. दुसरा आहे का?'

'ज्या हाताला ठाऊक होतं, तोच आड आलाय,' असं त्यांनी लिहिलं. मग ते पुसून टाकलं आणि नुसतं 'नाही' पाठवलं.

'मग मंगळवारी दवाखान्यात या, काका. हात लावूनच पाहावं लागेल.'

ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग अल्बम मांडीवर तसाच उघडा ठेवून ते बऱ्याच दिवसांनी रडले.