शून्य नसलेली पट्टी

मी एक जुनी स्टीलची पट्टी आहे. माझ्या अंगावर तीस सेंटिमीटर होते, आता एकोणतीसच उरलेत.

मित्रांनो, मी एका जनसंपर्क संस्थेत कामाला होते. कंपन्यांचं नाव वर्तमानपत्रांत चांगल्या कारणाने यावं म्हणून झटायचं, हा तिथला उद्योग. बातमी छापून आली की ती कापायची, वहीत चिकटवायची आणि किती उंच आली ते माझ्यावर मोजून अहवालात लिहायचं. हे काम इंटर्नचं. अहवाल वाचून कंपनीवाले खूश झाले की मला वाटे, सगळा कारभार माझ्याच जिवावर चाललाय!

एकदा कपाटाचा खण अडकला. कोणीतरी मलाच फटीत घालून जोर लावला. माझं टोक आधी वाकलं, मग मोडलं, आणि शून्य ते एक एवढा तुकडा कायमचा गेला. नवी पट्टी आणायचं सगळ्यांच्या मनात होतं आणि ते मनातच राहिलं. कात्रणं सांभाळणारे काका मग प्रत्येक इंटर्नला पहिल्याच दिवशी बजावत, "जे येईल त्यातून एक वजा कर हं."

ती नवी इंटर्न म्हणून आली तेव्हा काका रजेवर होते. परत आले तेव्हा त्यांना वाटलं, कोणीतरी सांगितलंच असेल.

ती फार मन लावून काम करायची. वार्ताहरांना फोन करून "आमची बातमी मिळाली का?" विचारताना तिचा आवाज कापायचा. कात्री चालवताना मात्र हात जराही हलत नसे. ती माझं मोडकं टोक कात्रणाला लावी आणि बाराची बातमी तेराची लिही. 'एक वजा कर गं बाई!' असं ओरडावंसं मला वाटे. पण पट्टीला कुठलं तोंड?

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन यायचा. "नोकरीचं पक्कं झालं का गं?"

"मॅडम शुक्रवारी सांगणार आहेत, आई. मला इथेच राहायचंय गं."

ते ऐकून तिने इथेच राहावं, अशी मलाही आस लागली. इतक्या हळुवारपणे मला कोणी हाताळलं नव्हतं. ती रोज मला पुसून ठेवायची.

त्याच आठवड्यात तिने लिहिलेली पहिली बातमी छापून आली. तिचं नाव नव्हतं, इथे ते कधीच नसतं. पण शब्द तिचे होते. कौतुकाने तिने ती पुन्हा पुन्हा मोजली. एकदा सहज दहाच्या खुणेवर ठेवली, तर अठरावर संपली. वहीत तर नऊ लिहिलं होतं! तिने माझं टोक निरखलं, तर मी शून्याऐवजी एकपासूनच सुरू होत होते. महिनाभराच्या दीडशे कात्रणांचा अहवाल कंपनीला जाऊन आठ दिवस झाले होते.

कोणालाही कळलं नसतं. पण ती उठली आणि थेट संस्था चालवणाऱ्या मॅडमच्या खोलीत गेली. मला हातात घेऊनच.

"मॅडम, माझी चूक झाली. मी सगळं पुन्हा मोजते."

तिने दोन दिवस मान वर केली नाही. सुधारलेला अहवाल गेला, कंपनीवाल्यांनी नाकं मुरडली. शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, "काम चोख आहे तुझं. पण या वेळी नाही जमणार गं."

संध्याकाळी तिने मला पुसून खणात ठेवलं आणि ती गेली.

आता मोजणी संगणकावर होते. खण क्वचितच उघडतो. उघडला की मी उगाचच आशेने बघते, पण तो हात तिचा नसतो.

मित्रांनो, वस्तू मोडली तर वेळीच बदला. ते नाहीच जमलं, तर नव्या माणसाच्या हातात देताना ती कुठे मोडलीय एवढं तरी सांगा. मोडलेली मी होते, सांगायचं राहिलं ते इतरांकडून, आणि माफी मात्र तिने एकटीने मागितली.